घरचा कॉम्प्युटर पुन्हा नव्यासारखा : 'रिसेट' करण्याआधी आणि केल्यानंतर



घरातला कॉम्प्युटर चार-पाच वर्षांचा झाला की सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. नको ती सॉफ्टवेअर्स आपोआप उघडतात, ब्राउझरमध्ये जाहिराती येतात. मग कोणीतरी सल्ला देतं, "फॉरमॅट मारून टाका." सल्ला चुकीचा नाही, पण 'मारून टाकण्याच्या' घाईत मुलांचे फोटो, निकालपत्रकं, वर्षानुवर्षं जमवलेल्या प्रश्नपत्रिका कायमच्या जातात. म्हणून हे काम समजून घेऊन, स्वतःच्या हातांनी कसं करायचं ते आज पाहू. हा लेख विंडोज १० आणि विंडोज ११ साठी आहे.

रिसेट म्हणजे नेमकं काय?

वर्गखोलीचं उदाहरण घ्या. वर्षभरात भिंतींवर तक्ते चिकटतात, कपाटात जुनी रद्दी साठते, बाकं हलतात. सुट्टीत आपण सगळं बाहेर काढतो, खोली झाडून-पुसून पहिल्यासारखी मांडतो. रिसेटमध्ये विंडोज हेच करते : स्वतःला नव्याने बसवते आणि आपण टाकलेली सॉफ्टवेअर्स व बदललेल्या सेटिंग्ज काढून टाकते.

एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचा कॉम्प्युटर विंडोज ८ सह विकत घेतला होता आणि नंतर विंडोज १० केला असेल, तर रिसेटनंतर विंडोज १० च मिळेल, ८ नाही. खरेदीच्या वेळची स्थिती हवी असेल तर कंपनीने हार्डडिस्कवर वेगळा रिकव्हरी भाग दिलेला असावा लागतो. तो प्रत्येक मशीनमध्ये असतोच असं नाही.

आधी हे पाच काम करा

१. बॅकअप घ्या. पेनड्राइव्ह किंवा एक्सटर्नल हार्डडिस्कवर कॉपी करा. बरेच जण म्हणतात, "माझं सी ड्राइव्हमध्ये काहीच नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे." पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात! कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइल्स उघडून पाहा.

२. मराठी फॉन्ट जपा. हे आपल्या लोकांच्या हमखास लक्षात राहत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील, तर फाइल शाबूत राहूनही फॉन्ट गेल्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. ते फॉन्ट वेगळे कॉपी करून ठेवा. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइल्सना ही अडचण येत नाही.

३. पासवर्ड आणि की लिहून ठेवा. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, ईमेल, वायफाय, तसंच विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची की.

४. बिटलॉकर तपासा. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह बऱ्याचदा कुलूपबंद असतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये पाहून वहीत उतरवा. मध्येच मागितली आणि सापडली नाही तर गाडी तिथेच अडते.

५. विजेची सोय बघा. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. भारनियमनाची वेळ टाळा.

प्रत्यक्ष कृती

- विंडोज ११ : सेटिंग्ज → सिस्टम → रिकव्हरी → रिसेट पीसी.
- विंडोज १० : सेटिंग्ज → अपडेट अँड सिक्युरिटी → रिकव्हरी → 'रिसेट धिस पीसी' खालील गेट स्टार्टेड.
- विंडोजमध्ये लॉग-इनच होत नसेल तर : लॉग-इनच्या स्क्रीनवर शिफ्ट बटण दाबून धरा आणि पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट निवडा. निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट → रिसेट धिस पीसी.

यानंतर विंडोज दोन महत्त्वाचे प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न : फाइल्स ठेवायच्या की सगळं काढायचं?
'कीप माय फाइल्स' म्हणजे दप्तरं जागेवर ठेवून वर्ग झाडणं. तुमच्या वैयक्तिक फाइल्स राहतात, सॉफ्टवेअर्स आणि सेटिंग्ज जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे खोली पूर्ण रिकामी. मशीन फक्त मंद झालं असेल तर पहिला पर्याय घ्या. व्हायरसने पार हैराण केलं असेल किंवा कॉम्प्युटर दुसऱ्याला द्यायचा असेल तर दुसरा. पहिला पर्याय घेतला तरी बॅकअप हवाच.

दुसरा प्रश्न : विंडोज कुठून घ्यायची?
'लोकल रीइन्स्टॉल' मध्ये कॉम्प्युटरमधल्याच फाइल्स वापरल्या जातात. 'क्लाउड डाउनलोड' मध्ये नवी प्रत इंटरनेटवरून येते. त्यासाठी ४ जीबी किंवा त्याहून जास्त डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर आधी लोकल करून बघा. तो मध्येच अडला, तर मग क्लाउड.

शेवटची स्क्रीन नीट वाचा. सगळ्या ड्राइव्हमधल्या फाइल्स काढायच्या का असं विचारलं आणि डी ड्राइव्हमध्ये तुमचं काम असेल, तर नाही म्हणा. मग 'रिसेट' दाबा आणि हात मागे घ्या. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल, स्क्रीन काळी होईल. टक्केवारीचा आकडा बराच वेळ हलला नाही तरी घाबरून पॉवर बटण दाबू नका.

कॉम्प्युटर विकताय किंवा कोणाला देताय?

नुसती फाइल डिलीट केली की ती जाते असं नाही, ती परत काढता येते. म्हणून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर 'चेंज सेटिंग्ज' मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. वेळ जास्त लागतो, पण आधार कार्डाच्या प्रती, बँकेची कागदपत्रं आणि विद्यार्थ्यांची माहिती दुसऱ्याच्या हाती लागण्याचा धोका खूपच कमी होतो. डी ड्राइव्हमध्येही असं काही असेल, तर या वेळी मात्र सगळे ड्राइव्ह साफ करा. विद्यार्थ्यांची माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते, हे विसरू नका.

झाल्यावर काय?

- सगळ्यात आधी विंडोज अपडेट चालवा. प्रिंटर, आवाज यांचे ड्रायव्हर बऱ्याचदा त्यातूनच येतात.
- मूळ विंडोज अस्सल असेल तर इंटरनेट जोडल्यावर ती बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिव्हेट होते.
- बॅकअपचा पेनड्राइव्ह परत लावताना आधी स्कॅन करा. नाहीतर जुना व्हायरस पाहुण्यासारखा पुन्हा घरात!
- भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो.
- फक्त लागतील तेवढीच सॉफ्टवेअर्स टाका.

रिसेटने काय होत नाही?

हार्डडिस्क खराब होत आली असेल, रॅम कमी असेल, पंखा धुळीने भरला असेल, तर रिसेटचा उपयोग नाही. तसंच विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मशीन विंडोज ११ ला चालत असेल तर रिसेटनंतर लगेच अपग्रेडचा विचार करा.

कृती सोपी आहे, पंधरा क्लिकचीसुद्धा नाही. खरं काम आहे ते आधीच्या तयारीचं. तेव्हा या रविवारी बॅकअप तेवढा घ्या, तो उघडून तपासा. रिसेट पुढच्या रविवारी केला तरी चालेल.