सांडपाणी, केरकचरा आणि घरची भाजी

अनेक खेड्यांत दोन गोष्टी एकाच घरी पाहावयास मिळतात. मोरीचे पाणी दारापुढे साचून चिखल व डास होतात. आणि त्याच घरी आठवडी बाजारातून आणलेली भाजी तीनचार दिवसांत संपते. पुढील बाजारापर्यंत चटणी व पातळ वरण यांवर भागवावे लागते. याचा भार मुख्यतः घरातील स्त्रिया व बालके यांजवर पडतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया, आणि पाच वर्षांखालील दर तीन बालकांपैकी सुमारे दोन बालके रक्तक्षयाने पीडित आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तथापि जेवणातील पालेभाजीची उणीव हे त्यांपैकी एक असून, ते दूर करणे बव्हंशी घरच्या हाती आहे. जे पाणी व जो केर गावास उपद्रव देतात, त्यांवरच ही भाजी पिकविता येते.

पाण्याचा हिशेब

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. या हिशेबाने पाच माणसांच्या घरी २७५ लिटर पाणी येते व त्यातील बराचसा भाग अंघोळ, भांडी आणि कपडे यांतून बाहेर जातो. पाव गुंठ्याच्या, म्हणजे सुमारे २५ चौरस मीटरांच्या परसबागेस उन्हाळ्यातही दिवसाला दीडशे लिटरांच्या आसपास पाणी पुरते. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास त्याहूनही कमी लागते. यासाठी विहिरीवर नवा भार घालण्याचे कारण नाही.

मोरीच्या तोंडाशी एक लहान खड्डा घेऊन त्यात तळाशी दगड, त्यावर खडी व वर जाड वाळू भरावी. त्यातून गाळलेले पाणी पाटाने वाफ्यांस द्यावे. ते झाडाच्या बुडाशी सोडावे, पानांवर शिंपडू नये. तसेच साठवून ठेवू नये. कपडे धुतलेले साबणाचे पाणी केळी व कर्दळी यांस द्यावे. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांस मात्र स्वच्छ पाणीच घालावे. शौचालयाचे पाणी परसबागेत कदापि आणू नये. उरलेले पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

वाफ्यांची आखणी

शेवगा, पपई, लिंबू व कढीपत्ता ही झाडे जागेच्या उत्तर बाजूस लावावीत, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. दोडका, कारली, वाल व दुधी यांचे वेल कुंपणावर चढवावेत. उरलेल्या जागेत दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असे वाफे पाडावेत. सर्व वाफ्यांत एकाच दिवशी बी टाकल्यास भाजी एकदम येते व वाया जाते. म्हणून दर पंधरवड्यास एकच वाफा पेरावा. मेथी साधारण महिन्याभरात काढणीस येते. राजगिरा, पालक, चुका व अंबाडी यांची हंगामाप्रमाणे फेरपालट केल्यास बहुतेक दिवस पालेभाजी मिळते.

खत

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधलेली नॅडेप पद्धत येथे उपयोगी पडते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींत हवेसाठी भोके ठेवून बांधतात. त्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपतात. सुमारे तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. शेण थोडेच लागते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. मात्र टाके एकदोन दिवसांतच भरावयाचे असल्याने एका घराचा केर त्यास पुरत नाही. याकरिता आठदहा घरांनी कचरा आधी साठवून मिळून टाके भरावे व खत वाटून घ्यावे.

घरचे बी

संकरित वाणाचे घरी धरलेले बी पुढील वर्षी मूळ गुणांवर उतरत नाही. देशी वाणाचे बी राखता येते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरीच देशी बियाण्यांची बँक उभारली. त्या कार्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. प्रारंभ वाल व चवळी यांपासून करावा, कारण त्यांत परागसंकर कमी होतो. निरोगी झाडावरील भरलेल्या शेंगा पूर्ण वाळू द्याव्यात. दाणे सुकवून, चाळलेली राख मिसळून, मडक्यात तोंड बंद करून ठेवावेत. वाणाचे नाव व वर्ष मडक्यावर लिहावे. एका घरचे बी नासले तर शेजारी मिळावे, म्हणून प्रत्येक वाण गावात निदान तीन घरी असावे.

ताटापर्यंत

भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. व झाकण ठेवून शिजवावी. जेवताना लिंबू पिळल्यास भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट परिणाम होतो. ज्यांना रक्तक्षय आहे त्यांनी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. परसबाग ही गोळ्यांऐवजी नव्हे, त्यांच्या जोडीस आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकदम सारे गाव हाती घेऊ नये. एका आळीतील आठदहा घरे निवडावीत. पाणी घालणे व खुरपणी ही कामे घरातील एकट्या स्त्रीवर पडल्यास बाग पहिल्याच सुगीत मोडते, म्हणून पुरुष व मोठी मुले यांचे वार आधीच ठरवून घ्यावेत. वैशाखात वाफे आखावेत व मोरीचा खड्डा भरावा; मृगाचा पाऊस पडताच वेल व शेवगा लावावा. पहिली भाजी ताटात आली की शेजारची आळी बी मागावयास आपण होऊन येते.