पॉईंट वन

शिरोळ तालुक्यातून चार नद्या वाहतात: कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा. तरीही ऑगस्ट 2019 च्या महापुरात आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये इथली माणसं प्यायच्या पाण्यासाठी डोळे लावून बसली होती. मोटारी पाण्याखाली, वीज बंद, विहिरी गढूळ. उंबऱ्याशी पाणी आणि हंडा कोरडा, हे ज्यांनी सोसलं त्यांच्या घरात आता पुराची पिशवी तयार असते. सातबारा, आधार कार्ड, गोळ्या, बॅटरी. कुरुंदवाडजवळच्या एका घरात या पिशवीत डोंगर भटकणाऱ्यांचा पाण्याचा फिल्टर ठेवलेला आहे असं कानावर आलं, म्हणून मी गेलो.

फिल्टर मुलाचा. तो नोकरीला पुण्यात, दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला येतो आणि परत जाताना फिल्टर आईकडे सोपवतो. आई गावात आशाताई म्हणून काम करते. घरोघरी ओआरएसची पाकिटं आणि मेडिक्लोरच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या बाटल्या देत फिरणारी बाई. मुलानं तिला एक आकडा शिकवलाय, तो तिच्या बोलण्यात सारखा येतो. "पॉईंट वन मायक्रॉन. ह्याच्यापेक्षा मोठं काय बी आत जात न्हाई."

तळहातात मावेल एवढी ती नळी. आत शेवयांसारख्या बारीक, पोकळ धाग्यांचा जुडगा, दुमडून बसवलेला. पाणी धाग्याच्या भिंतीतून झिरपून पोकळीत येतं आणि गाळ बाहेर अडतो. भिंतीतली छिद्रं 0.1 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. पटकीचा जंतू जाडीला साधारण अर्धा मायक्रॉन, तो अडकतो. अतिसार करणारा जिआर्डिया तर त्याहून कितीतरी मोठा.

पण जे अडकलं ते नळीतच राहतं. ताईंचं सगळं काम तिथून सुरू होतं.

मोहीम संपून दोनच दिवस झाले होते. फिल्टर कुणीतरी ओलाच सॅकमध्ये कोंबून आणलेला. ताईंनी टोपण काढून माझ्या नाकाशी धरला. कुबट वास! बंद पडलेल्या माठाच्या बुडाला येतो तसा. "हे वाढलं की धागे बुजतात. मग पोरं म्हणतात, फिल्टर खराब निघाला." मोठी सिरिंज भरून त्यांनी स्वच्छ बाजूनं पाणी उलटं दाबलं. पहिल्या दाबाला बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं, दुसऱ्याला फिकट. त्या थांबल्या नाहीत. पाणी नितळ झाल्यावरही दाबत राहिल्या.

सिरिंजमधलं पाणी नळाचं नव्हतं, बोअरचं तर नाहीच. ऊस आणि बेसुमार पाणी यांनी इथल्या जमिनी क्षारपड झाल्या, बोअरला जड पाणी लागतं. ते फिल्टरमध्ये वाळलं तर क्षार छिद्रांत बसतात. म्हणून पागोळीचं पाणी, तेही पहिल्या पावसाचं नव्हे, आणि उकळून गार केलेलं. स्वच्छ बाजूनं अशुद्ध पाणी घातलं तर सगळंच फुकट गेलं. क्षार बसलेच तर चायनीजच्या गाड्यावर असतो तो पांढरा व्हिनेगर थोडा वेळ आत ठेवायचा आणि भरपूर पाण्यानं धुऊन काढायचा. मगच मेडिक्लोर. व्हिनेगर आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची भुकटी तर त्या फिल्टरजवळ आणतच नाहीत. तिच्यात चुना असतो, तो धाग्यांत जाऊन बसतो.

फिल्टरच्या पुस्तिकेत लिहिलंय, पूर्ण वाळवून ठेवा. आषाढात शिरोळमध्ये वाळवायचं कसं? दोरीवरचा टॉवेल तीन दिवस दमट राहतो. ताईंनी वाट काढली आहे. पावसाळाभर फिल्टर ओलाच, मेडिक्लोरचे थेंब टाकलेल्या पाण्यात, टोपण घट्ट, आणि आठवड्याला ते पाणी बदलायचं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सावलीत टांगून खडखडीत वाळवायचा. पत्र्याखाली नाही, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तर कधीच नाही, कारण ओला धागा गोठला की चिरतो आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही.

ती शोधायची रीत त्यांनी करून दाखवली. भिजलेल्या फिल्टरच्या तोंडातून जोरात फुंक मारायची. धागे शाबूत असतील तर वारं जात नाही. त्यांनी गाल फुगवले, काही गेलं नाही. "गेलं असतं तर आजच फेकला असता," त्या म्हणाल्या. "पॉईंट वन ऱ्हायला न्हाई म्हणायचा."

मी विचारलं, मग याचं पाणी थेट प्यायचं का? उत्तर देताना त्यांच्यातली आशाताई बोलली. 2012 साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू 0.1 मायक्रॉनच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात. ते या छिद्रांतून सहज पार होतात. म्हणून त्यांचा क्रम ठरलेला: तुरटी फिरवून गाळ बसवायचा, वरचं पाणी फिल्टर करायचं, मग मेडिक्लोर टाकून अर्धा तास थांबायचं किंवा पाणी खळखळून उकळायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. नितळ पाण्यात तो विषाणूंसाठी शिल्लक राहतो. फिल्टरचं मोल मला इथं पटलं.

'कुठलंही पाणी शुद्ध' असं छापून विकणाऱ्यांचा मात्र राग येतो. पंचगंगेत मिसळणारं गावांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी, त्यात विरघळलेली रसायनं, क्षार, यांतलं काहीही हा धागा अडवत नाही. पुरात मदत म्हणून कुणी असे फिल्टर वाटणार असेल, तर प्रत्येकाबरोबर सिरिंज द्यावी, मराठीत छापलेला कागद द्यावा आणि गावातल्या आशाताईला तासभर बसवून शिकवावं. नाहीतर पुढच्या पुराला बाहेर निघेल ती कुबट वासाची नळी.

त्या दिवशी पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका 43, आणि ताई दर दोन तासांनी मोबाईलवर आकडा बघत होत्या. निघताना मी तेरवाड बंधाऱ्याबद्दल विचारलं, जिथे उन्हाळ्यात काळ्या पाण्यावर मेलेले मासे तरंगतात. ते पाणी गाळून चालेल का?

"ते फिल्टरात घालायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला औषध माझ्या पिशवीत न्हाई, वर कोल्हापूर-इचलकरंजीत हाय."