खुळखुळणारा चेंडू

अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू ऐकायचा असतो. प्लॅस्टिकच्या चेंडूत धातूच्या गोळ्या खुळखुळतात. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो; फलंदाजाने ‘येस’ म्हटल्यावर ‘प्ले’ म्हणत चेंडू जमिनीलगत सोडतो. अकरा जणांत किमान चौघे पूर्ण अंध हवेत, असा नियमच आहे.

मला या नियमाचे मोल फार वाटते. ‘तू बस, आम्ही करतो’ हे एरवी मायेने ऐकवलेले वाक्य माणसाला आतून लहान करते. इथे मात्र त्याच्यावाचून संघच उभा राहत नाही. झेल सुटला तर सोबती रागावतातही. तो राग बरोबरीचा असतो.

नोव्हेंबर २०२५मध्ये कोलंबोत अंध महिलांचा पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक भारताने जिंकला. आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या आळीतल्या अंध मुलीला मैदानापर्यंत सोबत कोण देणार?