शिवारातली वीज आणि काम थांबविण्याचा अधिकार

वसंत व्याख्यानमाला आणि वळीव यांचे वैर जुने आहे. वक्ता रंगात यावा, नेमके तेव्हाच आभाळ भरून यावे, मांडवाचे कापड फडफडू लागावे आणि मागल्या रांगा एकेक करून रिकाम्या व्हाव्यात, हा अनुभव आम्हीही घेतला आहे. उठून जाणाऱ्यांचा आम्हाला कधी राग आला नाही. गडगडाट ऐकू येताच मांडव सोडून पक्क्या इमारतीत जाणे हेच शहाणपणाचे आहे. आमचा प्रश्न एवढाच, की मांडवातल्या श्रोत्याला जे सहज साधते, ते त्याच वेळी पाच कोसांवर कांदा काढीत असलेल्या बाईला का साधू नये? कानांनी दोघांनाही तोच गडगडाट ऐकू येतो. फरक असा, की श्रोता उठला तर त्याचा रोज बुडत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात वीज पडून २,८८७ माणसे मेली. त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा २,८८० होता. पूर येतो तेव्हा वृत्तपत्रे आठ दिवस भरून जातात, मंत्री पाहणीला येतात. विजेचे मरण एकेका गावात, एकेका बांधावर येते, त्यामुळे ते कोणाच्या नजरेत भरत नाही. मरणारे बहुतेक खेड्यातले, उघड्यावर काम करणारे असतात.

हे शास्त्र आम्ही कोणत्या महाविद्यालयात शिकलो नाही; एका पंचनाम्याला हजर राहावे लागले, तेव्हा शिकणे भाग पडले. शिकलो ते असे. उन्हाने तापलेली दमट हवा झपाट्याने वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढगाचा मनोरा उभा राहतो. वरच्या थंड भागात बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळत राहतात. त्यातून हलक्या कणांबरोबर धन विद्युत्भार माथ्याकडे जातो आणि ऋण भार ढगाच्या पोटात साठतो. साठा हवेला पेलेनासा झाला की ती फाटते. त्या वाटेवरची हवा क्षणार्धात सुमारे तीस हजार अंश तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या कितीतरी पट. ती एकदम फुगते आणि आपल्याला गडगडाट ऐकू येतो. प्रकाश तत्काळ दिसतो, आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात. म्हणून लखलखाट दिसल्यापासून तीस आकडे मोजण्याच्या आत गडगडाट झाला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची कदाचित डोक्यावरच पडेल असे धरून चालावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मळणी यंत्र चालू असले तर हा गडगडाट ऐकूच येत नाही. तेव्हा यंत्रावरच्या टोळीने डोळ्यांवर भिस्त ठेवावी.

थेट अंगावर वीज पडून मरणारे थोडे असतात, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. वीज झाडावर पडते, खोडातून उतरता उतरता जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. किंवा ती जमिनीत शिरते आणि पाण्यात दगड टाकल्यावर तरंग पसरावेत तशी भोवताली पसरते. पसरताना तिचा दाब अंतराप्रमाणे उतरत जातो, म्हणून फाकून ठेवलेल्या दोन पायांखाली दोन वेगळे दाब असतात आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत तर हाताच्या मापाने दोन-तीन हात अंतर असते आणि काळीज मध्ये. झाडाखाली बांधलेली जनावरे मरतात आणि जवळ उभा असलेला गडी कधी कधी वाचतो, त्याचे कारण हे आहे. त्यात त्याची पुण्याई पाहू नये, तसेच दुसऱ्याच्या मरणात त्याचे पायाळूपण पाहू नये. पायाळू माणसावर वीज ओढली जाते, ही समजूत आपल्या खेड्यांत अजून आहे. आईच्या पोटातून कोण कसा बाहेर आला याची विजेला खबर नसते.

आता तो पंचनामा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी, हस्ताच्या पावसात, सोयाबीन कापणाऱ्या नऊ बायकांची टोळी लिंबाच्या झाडाखाली गेली आणि त्यातली एक मेली. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. लिंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलून निघाली होती. भाकरीची गाठोडी फांदीला तशीच लटकत होती, आणि त्यांतल्या एकात मोबाईल होता. टोळीतल्या थोरल्या बाईला आम्ही विचारले, ‘‘आभाळ दिसत नव्हते का?’’ ती म्हणाली, ‘‘दिसत होते की, भाऊ. पण दोन तासांचे रान राहिले होते. तेवढ्यासाठी उद्या पुन्हा यायचे म्हणजे उद्याचा दुसरा रोज बुडाला.’’ मग ती लिंबाकडे पाहून म्हणाली, ‘‘आणि पळायचे तर कुठे? पाणी इथे, भाकर इथे, पोरे इथे.’’

या उत्तराने आमचे डोळे उघडले. झाडाखाली उभे राहू नका, असे फलक आपण गावोगाव लावतो आणि लोक ऐकत नाहीत म्हणून त्यांना अडाणी ठरवतो. पण शिवारात झाड हेच मजुराचे घर असते. सकाळी आल्याबरोबर घागर तिथे ठेवतात, झोळी तिथे बांधतात. मग संकटात माणूस आपल्या घराकडे पळणार नाही तर कुठे पळेल? म्हणून तयारी दुपारी गडगडाट झाल्यावर नव्हे, सकाळी गाठोडे ठेवतानाच करावी लागते. आमच्या टोळ्यांत आता पहिला नियम असा, की गाठोडी, पाणी आणि लेकरे जवळच्या पक्क्या घरात, शाळेत किंवा मंदिराच्या बंद सभागृहात ठेवायची. ते फार लांब असेल तर बंद टपाची जीप वा टेम्पो बांधावर उभा ठेवायला मालकाला सांगायचे. लोखंडी टपाच्या बंद गाडीत वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. ट्रॅक्टरची उघडी ट्रॉली किंवा चारी बाजूंनी मोकळा पत्र्याचा गोठा यांचा असा उपयोग नाही. रोजगार हमीच्या २००५ सालच्या केंद्रीय कायद्याने कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी देणे बंधनकारक केले, ते चांगलेच झाले. पण सावली उन्हासाठी असते. विजेपुढे चार बांबूंवरचे कापड आणि उघडे रान सारखेच.

काहीच जवळ नसेल तर एकत्र घोळका करू नये. पाच-सात पावलांच्या अंतराने पांगावे, सखल पण पाणी नसलेल्या जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे मात्र पडू नये. हा शेवटचा उपाय आहे, याने निर्धास्त होऊ नये. पांगण्यात आणखी एक हेतू असा, की एकाला धक्का बसला तर मदतीला बाकीचे शाबूत राहावेत. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नये. छत्तीसगडकडे अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. त्यात जी मिनिटे जातात, त्या मिनिटांतच तो वाचू शकला असता. बंद पडलेले हृदय छातीच्या मध्यभागी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोराने दाबून चालू होऊ शकते. अनेकांना लागले असेल तर कण्हणाऱ्याला सोडून आधी निपचित पडलेल्याकडे धावावे. कण्हणारा जिवंत आहे हे ठरलेलेच असते.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाईलवर आणली आहे. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज चमकत असेल तर ती इशारा देते. विज्ञानाची ही मोठी देणगी आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु त्या पंचनाम्याच्या दिवशी इशारा वाजला होता तो गावात घरी बसलेल्या मालकाच्या खिशात. बांधावरचा मोबाईल गाठोड्यात होता. तो वाजला असता तरी, कोयता खाली ठेवा असे म्हणण्याचा अधिकार त्या नऊजणींत कोणाला होता?

ओडिशाचे उदाहरण येथे आठवते. १९९९ च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळात तेथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ साली फायलिन नावाचे तसेच जबर वादळ आले, तेव्हा पन्नासही गेली नाहीत. मधल्या चौदा वर्षांत वाऱ्याचा स्वभाव बदलला नव्हता. गावोगाव निवारे बांधले गेले, कोणी कोणाला हलवायचे हे आधी ठरले, आणि वादळापूर्वी लाखो माणसे हलविली गेली. पण वादळ तीन-चार दिवसांची मुदत देते, वीज अर्ध्या तासाची देते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याचा आराखडा करायला लावला आहे. अर्ध्या तासात तो आराखडा बांधावर पोचणार नाही. तिथला आराखडा बांधावरच झाला पाहिजे.

कारखान्यातल्या कामगाराला हे नवे नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, आणि धोक्याच्या कारखान्यांत जिवावरचे संकट दिसले तर ते व्यवस्थापकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००१ साली शेतीतील सुरक्षिततेविषयी १८४ क्रमांकाचा करार केला, तो आणखी पुढे गेला: गंभीर आणि तात्काळ धोका दिसताच शेतमजुराने कामावरून दूर व्हावे आणि त्याबद्दल त्याचे कोणतेही नुकसान होऊ नये. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. इकडे मेल्यानंतरचे मात्र बरेच ठरलेले आहे. तलाठ्याचा पंचनामा, शवविच्छेदनाचा दाखला, मग सरकारी मदत. शेतकरी अपघाताच्या योजनेत खातेदाराला व त्याच्या घरच्या एकाला संरक्षण आहे. जिचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, तिला त्या दाराने आत जाता येत नाही.

म्हणून आम्ही मालकांशी बोलणी धरली. रोजंदारीच्या कामावर बऱ्याच ठिकाणी जमले: टोळीतली एक बाई आभाळावर नजर ठेवील, मोबाईल तिच्या कमरेला राहील, तिने थाळी वाजविली की सर्वांनी उठायचे, आणि अर्ध्या तासाचा रोज कापायचा नाही. मालक कुरकुरले, पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानेच इतरांना ऐकविले, की बैलाला आपण पाऊस दिसताच सोडतो.

गुत्त्याच्या कामात मात्र आमचे गाडे अडले आहे. तिथे एकरी दर ठरलेला असतो, रोज कापणारा कोणी नसतो. थांबलेला अर्धा तास बाईच्याच पदरातून जातो आणि तीच स्वतःची मुकादम होऊन स्वतःला थांबू देत नाही. तिच्यापुढे थाळी वाजवून उपयोग काय? दरातच थांबण्याचा वेळ धरावा अशी आमची मागणी आहे. पाऊस आला नाही तर ते पैसे फुकट गेले, असे मालक म्हणतात. बायकांतही दोन मते आहेत. दर वाढला तर मालक कापणीचे यंत्र आणील, अशी काहींना भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पुढची बैठक मृगाच्या आधी ठेवली आहे.