मुलांची ग्रामसभा

गांवांतील साकव कोठें बांधावा, हें ठरवितांना नऊ वर्षांच्या मुलीचें मत घ्यावें, असें कोणी सुचविलें तर पुष्कळ सुशिक्षित घरांतील वडील मंडळी हंसतील. परंतु भर पावसाळ्यांत तो ओढा शाळेसाठीं रोज दोनदां ओलांडावा लागतो तो तिलाच. सभेंत हात वर करणाऱ्या गृहस्थांना नव्हे.

कर्नाटकांतील कुंदापूरचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याशीं, ओढ्यानाल्यांनीं चिरलेला व विरळ वस्तीचा आहे. तेथील केराडि वगैरे गांवांत १९९० नंतरच्या दशकांत ‘मक्कळ पंचायत’, म्हणजे मुलांची पंचायत, उभी राहिली. तिच्यामागें १९९० सालीं स्थापन झालेल्या भीम संघाची, म्हणजे श्रमिक मुलांच्या संघटनेची, प्रेरणा होती. मुलें आपले प्रतिनिधि गुप्त मतदानानें निवडीत, आणि शाळा सोडून राबणाऱ्या मुलांनाहि त्यांत स्थान असे. हें विशेष होय. कारण एरवीं मुलांना पुढें करावयाचें म्हणजे पहिल्या बांकावरच्या एखाद्या गोड गळ्याच्या मुलालाच पुढें करण्याची रीत आहे! हीं मुलें मात्र घरोघर हिंडलीं, त्यांनीं माहिती टिपली, आणि मग साकवाची मागणी मांडली. नुसत्या तक्रारीला जें वजन येत नाहीं, तें अशा टिपणाला येतें.

कायद्यानें पाहतां १९९३ पासून अमलांत असलेल्या घटनादुरुस्तीप्रमाणें ग्रामसभा ही मतदारांची सभा आहे. अठरा वर्षांखालील कोणी तिचा सभासद नाहीं. उलट १९८९ च्या बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय कराराचें बारावें कलम मुलाच्या मताला त्याचें वय व समज पाहून योग्य वजन द्यावें असें सांगतें, आणि भारतानें तो करार १९९२ सालीं मान्य केला. या दोहोंमधील वाट कर्नाटक सरकारनें २००६ सालीं काढली. ग्रामपंचायतींनीं वर्षांतून एकदां मुलांची स्वतंत्र ग्रामसभा भरवावी, असें ठरलें.

अशा सभेंत हारतुरे व पाठ केलेलीं भाषणें शिरण्यास वेळ लागत नाहीं. खरी कसोटी उत्तराची आहे. मागणी मान्य झाली तर काम केव्हां होईल, आणि पैसा नसेल तर तो कशावर खर्च झाला, हें मुलांना त्यांच्या भाषेंत, त्यांच्यासमोर सांगावें लागतें. पुढच्या वर्षींची सभा गेल्या वर्षींच्या मागण्यांचा हिशेब वाचून सुरू करावी. मग साकव अजून कां झाला नाहीं, हा प्रश्न ती मुलगी स्वतःच उभी राहून विचारील.