दिसेनासं होतं तेव्हा : वाशिमची पंचवीसेक वर्षं

१ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा इथल्या माणसाच्या लेखी डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू आणि मोतीबिंदू म्हणजे शिबिर. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू होता. त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर होता आणि ते योग्यच होतं. त्यामुळे कितीतरी म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसायला लागलं. पण त्यासोबत एक सवयही अंगी मुरली. डोळ्याचं काम थांबू शकतं, असं घरोघरी गृहीत धरलं गेलं. सोयाबीन निघू द्या, तूर विकू द्या, मग पाहू. मोतीबिंदूच्या बाबतीत हे चालून जातं. एकाएकी दिसेनासं झालं तर चालत नाही. हा फरक जिल्ह्याला हळूहळू आणि बरंच सोसून कळत गेला.

जिल्हा नवा होता तेव्हा ‘मले एकदम दिसून नाही राह्यलं’ म्हणणारा माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जायचा, मग तालुक्याच्या डॉक्टरकडे, मग अकोल्याला. अकोला–पूर्णा लाइन त्या वेळी मीटरगेज होती आणि सकाळची एसटी चुकली की अर्धा दिवस गेलाच. इकडे नेत्रपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, हिशेब तासांचा. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं होतं, की नेत्रपटलाची मुख्य धमनी बंद पडली तर ते साधारण दीड तास तग धरतं. चार तासांत मात्र भरून न येणारं नुकसान होतं. मेंदूत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातातही ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपला रुग्ण तेवढा वेळ एखाद्या फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा असायचा. त्याची यात काही चूक नव्हती. डोळा दुखत नव्हता, लाल झाला नव्हता. घाई करायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

२००२ मध्ये अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना, म्हणजे आजची महात्मा फुले योजना, राज्यभर लागू झाली. २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली. सोयी वाढल्या, तरी डोळ्यासाठी १०८ ला फोन करायचा असतो हे फारसं कुणाच्या मनात येत नव्हतं.

२०१७ चा पावसाळा शेजारच्या यवतमाळला फार वाईट गेला. कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, वीसच्या आसपास माणसं गेली. उलट्या, घाम, छातीत दाटणं यांच्या जोडीला धूसर दिसण्याची तक्रार होती. पश्चिम विदर्भातला प्रत्येक फवारणीवाला त्या वर्षी हादरला. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या विषानं डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. ती बघायला लागतो फक्त टॉर्च, आणि ती तशी दिसली की डॉक्टर अॅट्रोपिन सुरू करतात. नजर धूसर झाल्याची तक्रार आणि जीव वाचवणारं औषध यांच्यामध्ये एवढीच एक तपासणी असते.

त्याच टॉर्चचा दुसरा उपयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. खोलीत अंधार करतात, रुग्णाला लांब भिंतीकडे बघायला सांगतात. उजेड उजव्या डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरतात, झटकन डाव्यावर नेतात, पुन्हा उजव्यावर. निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या प्रत्येक वेळी लहान होतात. एका डोळ्याची नस अधू असेल तर उजेड त्या डोळ्यावर येताच बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होते. ही तपासणी मिनिटभराची, खर्च शून्य, आणि बिघाड डोळ्याच्या मागच्या नसेत किंवा नेत्रपटलात असल्याचा खात्रीचा पुरावा. मात्र ती बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्याआधीच करावी लागते. कुणी घाईनं आधी थेंब टाकले तर हा पुरावा काही तासांसाठी हातचा जातो.

मग आलं २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साखर वाढलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीनं गाठलं. चेहऱ्याची एक बाजू दुखते, पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, डोळा एका जागी थिजतो आणि दृष्टी जाते. त्या बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक शहरोशहरी फिरले ते दिवस कुणी विसरलेलं नाही. डोळा, नाक आणि मेंदू एकमेकांना किती लागून आहेत, हे त्या उन्हाळ्यात घरोघरी कळलं. नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसातज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ एकाच रुग्णाच्या खाटेशी उभे राहिलेले लोकांनी पाहिले. नाकात दुर्बीण घातली जायची, मग एमआरआय. माणूस डोळ्यासाठी आला असताना सांगतात ‘बोटामागे नजर फिरवा, डोकं हलवू नका’ ते का, हेही तेव्हा समजलं. डोळा हलवणाऱ्या तीन नसा मेंदूतून निघतात, त्यातली कोणती थकली आहे हे त्यावरून कळतं.

आज एकाएकी दिसेनासं झालेला रुग्ण जिल्ह्यात कुठेही पोचला तर पहिला भाग प्रश्नांचा असतो, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा. नेमकं कधी झालं? एका डोळ्याचं गेलं की दोन्हींचं? या प्रश्नाचं उत्तर काही जण चुकीचं देतात. ‘उजवा डोळा गेला’ म्हणणाऱ्या माणसाच्या खरं तर दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली असू शकते, आणि मग दोष डोळ्यात नसून मेंदूत असतो. घरीच एकेक डोळा हातानं झाकून बघून घेतलं तर डॉक्टरचं निम्मं काम होतं. डॉक्टर समोर बसून ‘माझ्या नाकाकडे बघा’ म्हणतात आणि बाजूनं बोटं आणतात, तेही यासाठीच. पाच-दहा मिनिटं अंधारी येऊन पुन्हा नीट दिसायला लागलं, तर ते सुटलो म्हणून सोडून द्यायचं नसतं. तो पुढच्या पक्षाघाताचा इशारा असू शकतो. अशा वेळी मानेवर स्टेथोस्कोप, ईसीजी, रक्तदाब, साखर हे सगळं आलंच.

पुढे तक्ता वाचणं. तक्ता दिसत नसेल तर बोटं मोजायची, तीही नाही तर हात हलताना दिसतो का, तेही नाही तर उजेड कळतो का. लाल झाकण दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतं का, हेही विचारतात. नसेला सूज असेल तर एका डोळ्याला ते फिकं दिसतं. हसून दाखवा, हात समोर धरा, बोट नाकाला लावा, सरळ रेषेत चाला, हे मेंदूसाठी. थेंब टाकल्यावर वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं, मग डोळ्याचा पडदा बघतात. चमका आणि काळे ठिपके दिसून बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं असेल तर पडदा सुटलाय का, हे इथं कळतं. त्या दिवशी काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून मोटारसायकल चालवत जाऊ नये, सोबत कुणीतरी न्यावं. चालू गोळ्यांची पाकिटं न्यावीत. क्षयरोगाच्या औषधांतल्या इथॅमब्युटॉलनंही नजर मंदावते.

दुकानातून स्टिरॉइडच्या गोळ्या न घेण्याबद्दल मात्र मी कळकळीनं सांगेन. नसेच्या सुजेवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, १९९२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना सूज पुन्हा येण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. शिरेतून स्टिरॉइड दिलेल्यांची नजर मात्र लवकर सुधारली. तेव्हा उपचार ठरवायचा तो तपासणीनंतर.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंजा, शेलूबाजारकडच्या लोकांना नागपूर जवळ आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, शंभर जागांचं. नेत्रविभाग आणि औषधवैद्यक विभाग आता एकाच आवारात असतील. रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाचं सीटी स्कॅन त्याच तासात निघणं आणि ते वाचणारा डॉक्टर जागेवर असणं, एवढं या महाविद्यालयाकडून मागायला हवं, आणि ते जिल्ह्यातल्या आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांनी मागायला हवं.