छत्तीस भोकांचं चाक

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्याला ४०. ही इंग्रजांची पद्धत. ओझं मागे जास्त, म्हणून तारा मागे जास्त. बाजारात मिळणाऱ्या विजेच्या हब मोटरीला मात्र ३६ भोकं. म्हणजे आजोबांच्या सायकलीला मोटर लावायचा बेत केला, की पहिली ठेच इथेच लागते. माझ्या मते, घरी मोटर-सायकल करण्यातला सगळा रस याच जागी सुरू होतो. मोटर कुणीही विकत आणतं. ती चाकात बसवणं हे खरं काम.

दसऱ्यापासून होळीपर्यंत आपला सायकलीचा हंगाम. चिखल वाळलेला असतो, ऊन सोसवतं. भाद्रपद सरता सरता माझ्या ओळखीतले निम्मे लोक विचारू लागतात, ‘यंदा मोटर लावून घेऊ का हो?’ कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणाला कचेरीत घाम गाळत पोचायचं नसतं. मी त्यांना मोटरीबद्दल काही सांगतच नाही. आधी चाक दाखवा म्हणतो.

रीत म्हणून थोडा इतिहास. सायकलीला इंजिन जोडायचा खटाटोप सायकलीइतकाच जुना म्हणायला हरकत नाही. १९४६ साली होंडा सोइचिरो यांनी हामामात्सु गावी लष्करी वायरलेस संचांच्या जनरेटरची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना जोडली. पेट्रोलची टाकी म्हणून गरम पाण्याची बाटली वापरली, असं सांगतात. १९५२ च्या त्यांच्या ‘कब एफ’ची पांढरी टाकी आणि लाल इंजिन जपानभर सायकलींच्या दुकानांतून विकलं गेलं. फ्रान्सच्या वेलोसोलेक्सचं इंजिन पुढच्या टायरवर रूळ घासून चाक फिरवायचं. आणि आपल्या पुण्यात कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली पन्नास सीसीची लूना तर पायडलांसकट होती. झाला इतिहास.

आता पेट्रोलचं इंजिन घरी लावायच्या फंदात पडू नका. आपल्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतचं दुचाकी-तिचाकी वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही, पण परदेशी छंदी मंडळी वापरतात ती किट ४८ किंवा त्याहून अधिक सीसीची असतात. ती इथे लावली की नोंदणी, परवाना, विमा सगळं मागे लागतं आणि नोंदणी काही मिळत नाही. विजेची वाट सोपी. मोटर २५० वॅटच्या आतली हवी आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत तिची मदत बंद व्हायला हवी. हजार वॅटच्या मोटरी दुकानदार हसत हसत दाखवतात. त्यांच्याकडे पाठ फिरवायची. ज्या सायकलीचे ब्रेक माणसाच्या पायांच्या वेगासाठी घडवलेत, तिला ताशी ४५ ने पळवण्यात शहाणपण नाही.

तर चाक. काही उत्साही लोक ४० भोकांच्या जुन्या रिममध्ये ३६ ची मोटर कशीतरी बसवतात, चार भोकं रिकामी सोडून. काही रिमला नवी भोकं पाडतात. दोन्ही वाईट. ओढ सगळीकडे सारखी राहिली नाही, तर चाक महिनाभरात लहरायला लागतं. सरळ ३६ भोकांची, दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची ७०० सी रिम घ्यावी. पण तिथे दुसरी मेख आहे. काळ्या सायकलीची २८ इंची रिम ६३५ मिलिमीटरची आणि ही ६२२ ची. म्हणजे कडा साडेसहा मिलिमीटर आत सरकते आणि तिचा आकारही वेगळा, त्यामुळे दांड्यांच्या ब्रेकचे रबर तिच्यावर बसत नाहीत. मोटर पुढच्या चाकात बसवायची, तर मग पुढचा चिमटाच बदलावा, डिस्क ब्रेकची सोय असलेला पोलादी. मात्र त्याच्या नळीची लांबी आणि आटे आपल्या फ्रेमशी जुळतात की नाही, ते दुकानातच ताडून घ्यावं. मागे जुना दांड्याचा ब्रेक राहू द्या. तो कोरड्यात ठीक आहे. ओल्या पोलादी रिमवर तो किती धरतो, हे ज्याने जुलैत उतारावर एकदा पाहिलंय, त्याला मी वेगळं सांगायला नको.

माझ्या पेठेतले एक म्हातारे मेकॅनिक चाकं विणतात. त्यांच्याकडे मोटर घेऊन गेलो की ते ती हातात घेतात, वजन जोखतात आणि म्हणतात, ‘साहेब, हिचा हब म्हणजे ताट आहे नुसतं. तारा फार तिरक्या घालू नका, मोडतील.’ त्यांनी कधी पुस्तक वाचलेलं नाही, पण बोलले ते शंभर टक्के खरं. साध्या सायकलीत तारा एकमेकींना तीनदा ओलांडतात. पायडलाची ताकद हबातून रिमपर्यंत न्यायची तर तार हबाला स्पर्शरेषेत निघालेली बरी. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली याच मांडणीचं पेटंट घेतलं. पण मोटरीचा हब एवढा रुंद, की तार आखूड होते, आणि तीनदा ओलांडून नेली तर रिममध्ये वाकडी शिरते. निप्पलजवळ, म्हणजे रिममध्ये तार धरणाऱ्या छोट्या नटाजवळ, तिला मुरड पडते आणि तिथेच ती तुटते. म्हणून मोठ्या हबाला एकदाच ओलांडायचं, फार तर दोनदा.

तारेच्या जाडीवरून माझे पुष्कळांशी वाद झालेत. लोकांना वाटतं, मोटर लावली म्हणजे १२ गेजची, म्हणजे २.६ मिलिमीटरची, जाडजूड तार हवी. मला ते पटत नाही. तार टिकते ती ताणामुळे. जॉब्स्ट ब्रँट यांचं ‘द बायसिकल व्हील’ हे १९८१ सालचं पुस्तक याच गोष्टीसाठी वाचावं. चाकावर भार आला की जमिनीजवळच्या तारांचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो, बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही, हे त्यांनी मांडलंय. चाकाच्या दर फेरीला प्रत्येक तार एकदा सैल होते नि पुन्हा ताणली जाते. ७०० सीच्या चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४६० फेऱ्या. हजार किलोमीटरला साडेचार लाखांवर. बारीक तार ताणाखाली जास्त लांबते, त्यामुळे खड्ड्यातून जाताना तिचा ताण शून्यावर येत नाही. जाड तार कमी लांबते आणि चटकन सैल पडते. मग निप्पल फिरतं, चाक आऊट होतं, आणि दोष मोटरीला जातो. मी १४ गेजचीच, दोन मिलिमीटरची तार पसंत करतो. ती निप्पलसाठी पुरेशी आणि हबाच्या भोकात जरा सैल वाटली तर डोक्याखाली पितळी वायसर घालायचा.

ताण मोजायचं यंत्र मिळतं, पण आमचे मेकॅनिक बोटाने तारा छेडतात. तंबोरा जुळवावा तसं ऐकतात, एका बाजूच्या तारा एका सुरात यायला हव्यात. मग स्टँडवर चाक फिरवून आऊट काढतात. शेवटी दोन दोन तारा मुठीत धरून जोरात आवळतात, म्हणजे हबाच्या कडेला तारेचा कोपरा नीट बसतो. हे न केलेलं चाक पहिल्या आठवड्यातच कुरकुरतं.

  

मोटर घेताना दुकानदाराला चाकाचा आकार सांगायलाच हवा. ताशी २५ ला २६ इंची चाक मिनिटाला सुमारे २०० फेऱ्या घेतं, २० इंची चाक जवळजवळ २७० घेतं. लहान चाकासाठी वेगवान विणलेली मोटर मोठ्या चाकात घातली, तर सपाटीवर ती छान वाटते आणि चढावर तापते. शंभर किलो वजन, शेकडा पाचाचा चढ, ताशी १५ चा वेग, एवढ्याला नुसतं वर चढायला २०० वॅट लागतात. वारा, टायरचा घास वेगळा. म्हणून पायही मारावे लागतात. मला तेच आवडतं.

आता एक गोष्ट कुणीच वेळेवर करत नाही. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा अक्ष मागे फिरू पाहतो. अक्षाच्या दोन बाजू चपट्या असतात, दहा मिलिमीटर अंतराच्या, आणि त्या चिमट्याच्या खाचेत अडकून बसतात. खाच नऊची असेल तर कानसीने घासावी, अगदी थोडी, आणि दोन्हीकडून सारखी. वर टॉर्क आर्म म्हणजे पोलादी पट्टी लावावी. ती न लावलेली मोटर एखाद दिवशी खाचेतून निसटते, वायर पिळली जाते आणि चाकही बाहेर येतं. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात पुढची मोटर मी कुणालाही लावू देत नाही. तो वाकत नाही, मोडतो.

ब्रेक दाबला की मोटर बंद होणारी लिव्हर पुढच्या डिस्क ब्रेकला घ्यावी. मागच्या दांड्याला चुंबक नि छोटा सेन्सर चिकटवून तीच सोय होते. वायरी कंट्रोलरात शिरण्याआधी थोडा झोळ खाली सोडावा, म्हणजे पाणी त्याच्या तळाशी गळतं, आत शिरत नाही. कनेक्टर, फ्यूज, वायर पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत पाहून घ्यावेत. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

बॅटरी घरी जोडायचा मोह मात्र आवरा. दहा सेल ओळीने जोडले की ३६ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर ४२. सेलवर थेट सोल्डर लावला तर आतला भाग तापून खराब होतो, म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डने लावतात. हे काम येत नसेल तर बीएमएससकट, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या सर्किटसकट, तयार बॅटरी घ्या आणि ती उशाशी किंवा जिन्यात रात्रभर चार्ज करू नका. ३६ व्होल्ट, दहा ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. किलोमीटरला १२ वॅट-तास धरले, तर पाय मारत तीसेक किलोमीटर निघतात. बाणेरच्या टेकडीवरून घर गाठायचं असेल तर वीसच धरा.

नव्या चाकाचा आऊट शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा काढून घ्यावा, अक्षाच्या नटांवर पान्हा फिरवावा. आणि मृग लागला, सायकल गच्चीखाली गेली, की बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, रिकामीही नाही. साधारण अर्ध्यावर ठेवून सोडवून घरात आणावी आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा व्होल्ट बघावेत.